श्रेणी, शिल्पी आणि संघ : लेण्यांच्या कोरीव लेखांतील व्यावसायिकांचे सहजीवन

लेण्यांच्या अभ्यासदौऱ्यावरून परतताना उपासक-उपासिकांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘हे सारे कोणी कोरले?’ मार्गदर्शक बहुधा एखाद्या राजघराण्याचे नाव सांगून मोकळा होतो. सातवाहन, क्षहरात, वाकाटक ही नावे चुकीची नाहीत; परंतु ती या प्रश्नाची उत्तरे नव्हेत. राजाने छिन्नी धरली नाही, आणि बहुतांश लेण्यांच्या बाबतीत खर्चही एकट्या राजाने केलेला नाही. खरे उत्तर भिंतींवर, स्तंभांवर आणि पाण्याच्या पोढींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेले आहे. सुतार, लोहार, सोनार, गांधी, माळी, धान्याचे व्यापारी, विणकर, तेली अशी ती माणसे होत. यांपैकी अनेकांनी आपले दान एकट्याने दिले. काहींनी मात्र आपल्या व्यवसायबंधूंच्या संघटनेच्या, म्हणजे ‘श्रेणी’च्या नावाने दिले. प्रस्तुत लेखात या श्रेणींचे स्वरूप, त्यांचा भिक्खुसंघाशी असलेला व्यवहार आणि त्यातून आजच्या वाचकाने काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार करावयाचा आहे.

जुन्नरपासून आरंभ करणे सोयीचे. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत पसरलेला हा लेणीसमूह नाणेघाटाच्या माथ्यावरील व्यापारी पेठेच्या आश्रयाने वाढला. लेण्याद्री येथे एका लेखात सात खोल्यांचे लेणे (‘सतगभ’) आणि पाण्याची पोढी हे ‘धञिक-सेणी’चे, म्हणजे धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे देयधम्म असल्याचे नमूद आहे. ‘देयधम्म’ म्हणजे धम्मदान. लेख दोन ओळींपेक्षा मोठा नाही. त्यात कोणा श्रेष्ठीचे नाव नाही, त्याच्या पित्याचे नाही, गोत्राचेही नाही. दाता एक समूह आहे आणि समूहाची ओळख त्याचा व्यवसाय आहे. जुन्नरच्याच इतर लेखांत बांबूकाम करणारे (‘वसकार’) आणि कासार (‘कासाकार’) यांच्या श्रेणींकडे गुंतविलेल्या रकमांचे उल्लेख आढळतात. बुरूडकाम आणि कासारकाम करणारे लोक इतके संघटित होते, की दात्यांनी कायमची ठेव त्यांच्या हाती विश्वासाने सोपवावी!

श्रेणी म्हणजे नेमके काय? एकाच व्यवसायातील लोकांची, स्वतःचे नियम असलेली आणि आपल्या सदस्यांवर अधिकार चालविणारी संघटना. तिच्या प्रमुखास पालि साहित्यात ‘जेट्ठक’ किंवा ‘पमुख’ म्हणतात. जातककथांत अठरा श्रेणींचा उल्लेख वारंवार येतो. या अठरांची पूर्ण यादी मात्र कोठेच मिळत नाही. मूगपक्ख जातकात त्यांपैकी चारच सांगितल्या आहेत : सुतार, लोहार, चर्मकार आणि चित्रकार. चर्मकार येथे सुताराच्या आणि चित्रकाराच्या शेजारी, एकाच पंक्तीत आहेत, हे आपल्या वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही. श्रेणीचा अधिकार किती होता, हे विनयपिटकातील एका नियमावरूनही कळते. चोरीचा गुन्हा केलेल्या स्त्रीला भिक्खुणीसंघात घ्यावयाचे असल्यास राजा, संघ, गण, पूग किंवा श्रेणी यांपैकी ज्यांचा संबंध असेल त्यांची परवानगी घ्यावी, असा तो नियम आहे. म्हणजे राजाच्या बरोबरीने श्रेणीचेही नाव येते. आपल्या सदस्यांचे बरेवाईट ठरविण्याची तिची सत्ता समाजाने मान्य केली होती.

आता व्यवहाराकडे वळू. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील (लोकांच्या तोंडी ‘पांडवलेणी’) दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाचे पहिले किंवा दुसरे शतक. नहपानाच्या कालगणनेविषयी विद्वानांत अद्यापि एकमत नाही, परंतु लेखावर ४२ हे वर्ष स्पष्ट आहे. उषवदाताने हे लेणे चारही दिशांच्या भिक्खुसंघास दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिच्या मुद्दलास कधीही हात लावावयाचा नाही अशी ठेव. ही रक्कम त्याने गोवर्धन येथे राहणाऱ्या श्रेणींत गुंतविली : २,००० कार्षापण विणकरांच्या (‘कोलिक’) एका श्रेणीत दरमहा शेकडा एक दराने, आणि १,००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीत दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट बजावलेले आहे.

या व्याजाचा विनियोगही लेखात आहे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी १२ कार्षापण द्यावयाचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा. २,०००वर दरमहा शेकडा एक म्हणजे २० कार्षापण. वर्षाचे झाले २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजेही २४०. एक कार्षापण इकडेतिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण ‘कुशण’ नावाच्या खर्चासाठी होते. या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन श्रेणींना दोन वेगळे दर का दिले, हे लेख सांगत नाही. कदाचित दुसरी श्रेणी अधिक भक्कम पतीची असेल आणि कमी दरानेही तिच्याकडे ठेव ठेवणे दात्यास इष्ट वाटले असेल. हा माझा तर्क आहे, त्यास पुरावा नाही.

या व्यवस्थेत तिघांचाही लाभ होता. विनयाच्या नियमानुसार भिक्खूने सोने-नाणे स्वीकारावयाचे नसते. त्यामुळे संघाचा खर्च भागविणारा कोणी विश्वासू मध्यस्थ आवश्यकच होता. दात्यास आपले दान आपल्या पश्चातही चालू राहील अशी खात्री मिळाली. आणि विणकरांना? त्यांना कधीही परत न मागितले जाणारे भांडवल मिळाले. सूत घ्यावयास, माग उभे करावयास, मंदीचे दिवस काढावयास हाताशी पैसा आला. शिवाय जे व्याज ते देणार होते, ते चीवरांवर खर्च होणार होते. म्हणजे ते पैसे पुन्हा कापडाच्याच बाजारात येणार. या व्यवहारास केवळ दानधर्म समजणे हा अर्थशास्त्रावर अन्याय होईल.

नाशिकचाच आणखी एक लेख, तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा, मला व्यक्तिशः अधिक जवळचा वाटतो. त्यात दाता एक स्त्री आहे. अग्निवर्मा शकाची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी आणि गणपक विश्ववर्म्याची माता उपासिका विष्णुदत्ता. तिने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी अक्षयनीवी ठेवली. रकमा अशा : कुलरिकांच्या (बहुधा कुंभारांच्या) श्रेणीकडे १,००० कार्षापण, ‘ओदयंत्रिक’ म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २,०००, तेली श्रेणीकडे ५००. लेखाचा काही भाग झिजला आहे. पण त्यात एक शब्दप्रयोग शाबूत आहे : गोवर्धनातील ‘आगत-अनागत’ श्रेणींमध्ये, म्हणजे आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या श्रेणींमध्ये, ही ठेव ठेवली आहे. माणसे जातील, श्रेणी राहील. ही श्रेणी मोडली तर दुसरी येईल. एवढा दूरचा विचार त्या उपासिकेने किंवा तिच्या लेखकाने केला होता.

येथपर्यंत पैशाचा विचार झाला. सर्जनाचा विचार अजून राहिला आहे, आणि माझ्या मते लेण्यांचे खरे आश्चर्य तेथेच आहे.

कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट येथील वेणुवासपुत्र ‘सामि’ नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याचा लेख आहे. सुतार, आणि काम दगडातील लेण्याचे! मध्य प्रदेशात सांची येथे पहिल्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावरील एका भागाचे शिल्पकाम विदिशेच्या ‘दंतकारां’नी, म्हणजे हस्तिदंतावर कोरीव काम करणाऱ्यांनी, केल्याची नोंद आहे. त्याच तोरणावर राजा सिरि सातकणि याच्या कारागिरांचा प्रमुख (‘आवेसनि’) आनंद याचेही दान नोंदलेले आहे. पितळखोरे येथील यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचे कोरलेले आहे. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

सुतार, हस्तिदंत-कारागीर आणि सोनार हे तिघेही दगडावर काम करीत आहेत. याचे कारण समजावून घेतले पाहिजे. पश्चिम भारतातील आरंभीचे चैत्यगृह म्हणजे लाकडी सभागृहाची दगडातील प्रतिकृती होती. कमानदार छत, वासे, तुळया, झुकते खांब हे सारे लाकडी बांधकामाचे व्याकरण. कार्ले येथे तर छतास प्रत्यक्ष लाकडी फासळ्या बसविलेल्या असून त्या दोन सहस्र वर्षांनंतर आजही दिसतात. स्तूपावरील लाकडी छत्रही आहे. तेव्हा सुताराच्या ज्ञानावाचून हे लेणे उभे राहणे शक्य नव्हते. बारीक नक्षीचे काम मात्र त्याच्या हातचे नव्हते. तेथे दंतकार आणि सोनार यांचा सराव उपयोगी पडला. डोंगर फोडणारा पाथरवट, त्याच्या छिन्न्यांना पाणी देणारा लोहार, मापे धरणारा, मलमा उपसणारा, या साऱ्यांच्या कामाचा क्रम एकमेकांत गुंफलेला असे. लेणे वरून खाली कोरीत येतात. आधी छत, मग भिंती आणि खांबांचे माथे, शेवटी जमीन. त्यामुळे उंच पाड बांधावी लागत नाही. उभा राहावयास खालचा खडकच असतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की छताशी झालेली चूक जमिनीपर्यंत सोबत येते. दगड पुन्हा जोडता येत नाही. वरच्या थरावर काम करणाऱ्याने खालच्या थरावर काम करणाऱ्याचा विचार आधीच केलेला असला पाहिजे. अजिंठ्याची अर्धवट राहिलेली लेणी पाहताना हा क्रम स्पष्ट दिसतो. दौऱ्यावर जाणाऱ्यांनी पूर्ण लेण्यांइतकाच वेळ या अपूर्ण लेण्यांना द्यावा, अशी माझी सूचना आहे.

कोंडाणे येथील चैत्यगृहाजवळ एका भग्न मूर्तीशेजारी छोटा लेख आहे : कण्हाचा अंतेवासी बलक याने केले. ‘अंतेवासी’ हा शब्द आपल्या वाचकांना विनयातून परिचित आहे. आचार्याजवळ राहून शिकणारा तो अंतेवासी. भिक्खुसंघातील आचार्य-अंतेवासी नाते आणि कारखान्यातील उस्ताद-शिकाऊ नाते यांस एकच शब्द होता. बलकाने आपल्या पित्याचे नाव दिले नाही, आपल्या गुरूचे दिले. पुढील काळातील स्मृतिग्रंथांत एकत्र काम करणाऱ्या शिल्पींच्या कमाईचे वाटप सांगितले आहे. शिकाऊ, जाणता, कुशल आणि आचार्य यांना अनुक्रमे एक, दोन, तीन व चार वाटे. वाटे समान नाहीत, हे खरे. परंतु शिकाऊ मुलासही ठरलेला वाटा आहे आणि वाढत्या कौशल्याबरोबर वाढणारा वाटा आहे, हेही तितकेच खरे.

एका अभ्यासदौऱ्यात लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरताना एका महाविद्यालयीन तरुणाने मला विचारले होते : ‘सर, यांत आपले पूर्वज कोठे होते?’ प्रश्न साधा नव्हता. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्यांच्या नातवाने दोन हजार वर्षांपूर्वीच्या पोढीकडे पाहून तो विचारला होता. त्यास सोपे उत्तर देण्याचा मोह होतो : ‘हे सारे आपलेच पूर्वज.’ पण अभ्यासकाने असे उत्तर देऊ नये. कोरीव लेखांतील वसकार किंवा कोलिक हे आजच्या कोणत्या समाजाचे पूर्वज, हे लेखांवरून सिद्ध करता येत नाही. दुसरी गोष्ट अशी, की त्या काळी उच्चनीचता नव्हती असेही म्हणता येत नाही. विनयपिटकातील पाचित्तियांतल्या ‘ओमसवाद’ नियमाच्या विवरणात बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार आणि न्हावी यांची शिल्पे हीन मानली जात असल्याचे नमूद आहे. समाजाची दृष्टी तशी होती. मात्र हा नियम कशासाठी आहे, हे पाहा : एका भिक्खूने दुसऱ्यास त्याच्या जातीवरून, गोत्रावरून, कामावरून किंवा शिल्पावरून हिणविले तर तो दोष होय. जगातील हीनतेची यादी नोंदवून ती संघाच्या दाराबाहेर ठेवण्याचा तो प्रयत्न आहे. उषवदाताच्या लेखांत ब्राह्मणांना दिलेली मोठी दानेही आहेत, हेही लपवू नये.

मग या लेखांतून काय सिद्ध होते? एवढे निश्चित, की दाता म्हणून उभा राहताना माणूस आपला व्यवसाय अभिमानाने सांगत होता. कान्हेरीस कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली, कल्याणच्याच सामिदत्त सोनाराने पोढी दिली, सोपाऱ्याच्या एका जवाहिऱ्याने दान दिले. कुडे येथे माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. कार्ले येथे तर एकेक खांब वेगवेगळ्या दात्याचा, त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत आणि तेथील ‘वाणियगाम’ म्हणजे व्यापाऱ्यांचा समुदायही आहे. या धेनुकाकट गावाचा शोध दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मोठ्या चिकाटीने घेतला होता. लोहाराने दिलेल्या वाटेवरून सोनार चालला आणि सोनाराने दिलेल्या पोढीतील पाणी सर्वांनी घेतले. व्यवसाय वेगळे, वास्तू एक.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात जातीचे समर्थन करणाऱ्यांना उत्तर देताना दाखवून दिले, की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. श्रेणीच्या अभ्यासास हे सूत्र अत्यंत उपयोगी पडते. श्रेणी ही श्रमाच्या विभागणीवर उभी होती. ती श्रमिकांच्या विभागणीत केव्हा व कशी बदलली, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. मंदसोरच्या शिलालेखात रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी लाट देशातून दशपुरात स्थलांतरित झाल्याची हकीकत आहे. तेथे काहींनी विणकाम चालू ठेवले, काही धनुर्विद्येत निष्णात झाले, काही ज्योतिषात. तरी ते सारे एका श्रेणीचे म्हणूनच ओळखले जात. त्यांनी इ. स. ४३६च्या सुमारास सूर्यमंदिर बांधले आणि ४७३मध्ये त्याची दुरुस्ती केली. मंदिर बौद्ध नव्हे, हा मुद्दा येथे गौण आहे. पाचव्या शतकातही श्रेणीच्या सदस्यास व्यवसाय बदलता येत होता, हे महत्त्वाचे. पुढे हे दार बंद झाले. व्यवसायावरून जन्म ठरू लागला आणि जन्मावरून व्यवसाय. त्या प्रक्रियेचे सर्व टप्पे आज सांगता येत नाहीत. पण ती ईश्वरनिर्मित नव्हती, काळाच्या ओघात घडलेली होती, याची साक्ष हे शिलालेख देतात.

आता थोडे आपल्या जिल्ह्याकडे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे हे गाव प्रवरेच्या काठी आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले. त्याचा वृत्तांत १९६० साली प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन थरांत रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. सातवाहनांची राजधानी पैठण येथून फार दूर नाही. भूमध्य समुद्राकाठचा माल ज्या व्यापाराने येथवर आला, त्याच व्यापाराने जुन्नर-नाशिकच्या श्रेणींना बळ दिले. याच नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे.

शिंगणापूरची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे : घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत. २०११ साली युको बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा वृत्तपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. चोरी करणाऱ्यास देवतेचा कोप होतो, ही तेथील विश्वासाची बैठक. गावकऱ्यांच्या श्रद्धेचा उपहास करण्याचे कारण नाही. सामूहिक विश्वासावर चालणारे गाव ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच गावाच्या चौथऱ्यावर स्त्रियांना पाऊल ठेवता यावे यासाठी आंदोलन करावे लागले, उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि एप्रिल २०१६मध्ये ते दार उघडले. घराला दार नसलेल्या गावात चौथऱ्याला मात्र अदृश्य दार होते.

गोवर्धनाच्या विणकरांवर उषवदाताने जो विश्वास ठेवला, त्याची बैठक निराळी होती. त्याच लेखाच्या अखेरीस ती नमूद आहे. हे सर्व निगमसभेत जाहीर वाचून दाखविले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर, म्हणजे नोंदणीच्या पाटीवर, लिहून ठेवले. ठेव किती, कोणाकडे, कोणत्या दराने, कशासाठी, हे गावाने ऐकले, दप्तरात नोंदले, आणि शिवाय ज्या संघाच्या हितासाठी ते केले त्याच्या निवासाच्या भिंतीवर कोरले. वर्षावासास येणारा प्रत्येक भिक्खू ते वाचू शकत होता. विणकरांनी एखाद्या वर्षी बारा कार्षापण दिले नाहीत तर विचारणा करण्यास शापाची गरज नव्हती.

आज आपल्या समाजातील शिक्षकांच्या, वैद्यकांच्या, अभियंत्यांच्या, वकिलांच्या आणि बँक-कर्मचाऱ्यांच्या संघटना जिल्ह्याजिल्ह्यांतून आहेत. त्यांपैकी काहींचे कार्य उत्तम चालते. काहींची अवस्था अशी, की वर्गणी गोळा होते, जयंतीस मंडप पडतो आणि मग वर्षभर हिशेब कोणासही ठाऊक नसतो. पदाधिकारी बदलला की दप्तरही त्याच्या घरी जाते. अशा एका संघटनेत मी स्वतः काही वर्षे होतो. विद्यार्थ्यांसाठी म्हणून जमविलेल्या निधीचे मुद्दल दुसऱ्याच वर्षी एका समारंभात खर्ची पडले, आणि सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होतो. ‘अक्षयनीवी’ हा शब्द तेव्हा मला माहीत होता. पण तो परीक्षेपुरताच माहीत होता.

श्रेणी टिकण्याची अट काय, याविषयी उत्तर प्रदेशातील इंदोर (जि. बुलंदशहर) येथील स्कंदगुप्तकालीन ताम्रपट वाचण्यासारखा आहे. इ. स. ४६५च्या सुमारास एका दात्याने सूर्यमंदिरातील दिव्याच्या तेलासाठी इंद्रपूरच्या तेली श्रेणीकडे कायमची ठेव ठेवली. श्रेणीचा प्रमुख जीवंत नावाचा तेली होता. ताम्रपटात म्हटले आहे, की ही श्रेणी येथून दुसरीकडे राहावयास गेली तरी, जोपर्यंत ती एकोप्याने राहील, तोपर्यंत ठेव तिचीच राहील. गाव सुटले तरी चालेल, पण एकोपा सुटता कामा नये. तेलाचे मापही त्यात ठरवून दिलेले आहे.

नाशिकला जाणाऱ्यांनी दहाव्या लेण्याच्या ओवरीत डोके वर करून हा लेख अवश्य पाहावा. ब्राह्मी अक्षरे मोठी व सुवाच्य आहेत. ज्यांना लिपी येत नाही त्यांनीही वा. वि. मिराशी यांच्या सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरील मराठी ग्रंथातील पाठ सोबत न्यावा. तो समोर धरला की ओळीमागून ओळ जुळू लागते. जुन्नरला गेल्यास धान्य-व्यापाऱ्यांच्या लेण्यातील खोल्या मोजाव्यात. लेखात सात सांगितल्या आहेत.